घरी राहण्याची पाळी

समुद्र की डोंगर, एवढ्याशा प्रश्नावरून काकडांच्या घरात पंधरा दिवस जावाजावांचं बोलणं बंद होतं. जे काही बोलणं चालू होतं ते सगळं कलाबाईंशी. सकाळी थोरली सून मनीषा मोबाइल घेऊन यायची. "आई, हे बघा ना, देवदाराची झाडं. आणि पलीकडे बर्फ!" दुपारी धाकटी शुभांगी यायची. "आई, ही खाडी आपण होडीतून ओलांडणार. मग पुन्हा वाळूतून पायी." लग्नाला चौदा वर्षं झाली, पण मनीषा सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून अशी कधी बसली नव्हती. कलाबाईंना यातलं सगळं कळत होतं. न कळायला त्या काय कालच्या आल्या होत्या? पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं.

ही टूम काढली धाकट्या भारतनं. तो सातपूरला कारखान्यात नोकरीला, त्याला कुणीतरी साहेबानं सांगितलं. दिवाळी आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत गुलाबाला तसाही उठाव नसतो, पोरांना सुट्टी असते, तर आठ दिवस सगळ्यांनी मिळून चालायला जायचं. चालायला! देवदर्शन नाही, हॉटेलात लोळणं नाही. रोज दहा-बारा किलोमीटर पायी, नजर टाकावी तिकडे देखावा, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मुक्काम. सगळी व्यवस्था एक सहल कंपनी करणार.

"चालायला कंपनी कशाला लागती रे?" कलाबाईंचे यजमान मोतीराम म्हणाले होते. "दोन पाय पुरत नाय का?"

पण चिडवता चिडवता तेही तयार झाले. अडलं ते जायचं कुठं यावर. शेती सांभाळणारा थोरला ज्ञानेश आणि मनीषा म्हणत होते हिमाचल. भारत आणि शुभांगी म्हणत होते कोकण, वेंगुर्ल्यापासून मालवणाकडे किनाऱ्यानं. दोन्हीकडे दोन-दोन मतं, आणि मोतीरामांनी हात झटकलेले. शेवटी ज्ञानेश म्हणाला, "आई ठरवेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कलाबाईंनी काम मनावर घेतलं.

कसं मनावर घेतलं म्हणाल, तर पोरगी बघायला गेलेल्या माणसानं घेऊ नये इतकं. हिमाचलात एका दिवसात चढण किती? वाळूत पाय रुततो, मग वेग निम्मा होतो, ते कंपनीनं धरलंय का? मुक्कामी संडास घरात की अंगणात? भारतला एकाचंही उत्तर देता येईना. तो बिचारा कंपनीला फोन लावायचा आणि तिकडून विचारून सांगायचा. संध्याकाळची फुलांची कटिंग झाली की कलाबाई पाटाच्या कडेनं दुसऱ्या पुलापर्यंत चालून यायच्या. मेनरोडवर जाऊन त्यांनी कॅनव्हासचे बूट आणले. साडीखाली ते बूट बघून मनीषानं विचारलं, "गुडघे दुखतात का आई?"

"दुखू नाय म्हणून घेतले," कलाबाई म्हणाल्या.

घ्या! एवढं सांगूनही त्या घरात एकाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी दुपारी मजूर बायका अर्धा दिवस काम करून गेल्या, की राहिलेली फुलं घरच्यांनी बांधायची असा काकडांचा रिवाज. शेडमध्ये सगळी मोठी माणसं गोल करून बसली होती. पोरं वर टीव्हीला चिकटलेली. लांब दांड्याचे गुलाब एकीकडे, आखूड दुसरीकडे. ज्ञानेश दांड्याची खालची पानं ओरबाडत होता, मनीषा कळ्यांना जाळीची टोपी घालत होती, कलाबाई वीस-वीसची गड्डी कागदात बांधत होत्या. भारतच्या हाताला ही सवय राहिली नव्हती. तो पालथ्या क्रेटवर बसून मोबाइलवर कंपनीचा फॉर्म भरत होता.

"आई, आज सांगायचंय त्यांना," भारत म्हणाला. "काय ठरवलंस?"

मनीषानं टोपी घालायचं थांबवलं. शुभांगीनं पदर सारखा केला.

कलाबाईंनी हातातली गड्डी पुरी केली, सुतळी आवळली आणि मग बोलल्या. "हे बघा. डोंगर चांगलाच हाय. पण डोंगर आपल्या मागल्या दाराला हाय. ब्रह्मगिरीची फेरी मी बावीस येळा केली, गडाच्या पायऱ्या तर मोजल्याबी नाय. समुद्र मातर मी बघितला नाय. यायनी नऊ वर्सं दादरला फुलाचा टेंपो नेला. मी एकदा इचारलं, तिथून समुद्र किती लांब? म्हणले, पाच मिनिटं. पर त्या पाच मिनिटांत मला न्यायचं काय जमलं नाय. म्हणून समुद्र."

"येस!" शुभांगी एकदम म्हणाली आणि लगेच सासऱ्यांकडे बघून गप्प झाली.

मोतीराम खाली बघून पानं गोळा करू लागले. खरं तर ते त्यांचं काम नव्हतंच.

मनीषानं मात्र हातातला गुलाब टपकन क्रेटमध्ये टाकला. पंधरा दिवस फोटो दाखवून तिचा घसा कोरडा पडला होता. "छान आहे," ती म्हणाली. "ज्यांना यायचंच नाही त्यांनी निवडायचं, आणि आम्ही उन्हात वाळू तुडवायची."



"कोनाला यायचं नाय?" कलाबाईंनी विचारलं.

मनीषानं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भावाकडे.

"भारत. त्या फारमात नावं काय लिवली? वाच."

"आई, ते अजून पक्कं..."

"वाच म्हणते ना!"

भारतनं वाचलं. नाना, म्हणजे मोतीराम. ज्ञानेश, मनीषा, त्यांची दोन पोरं. भारत, शुभांगी, त्यांची एक मुलगी. आठ झाले. कलाबाईंनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. मग हात पुढे केला. "आन् त्याच्या खाली काय हाय?"

"ते... आपत्कालीन संपर्क."

"म्हंजी काय?"

"म्हणजे आपल्यापैकी कुणाला वाटेत काही झालं, पडलं-झडलं, तर कंपनीवाले घरी ज्याला फोन करतील तो."

"कोनाला करतील?"

भारतचे कान लाल झाले. पस्तिशीचा बाप्या, पण आईनं अशी नजर रोखली की अजून त्याचे कान लाल होतात. "तुला," तो म्हणाला.

तेव्हा कलाबाईंना सगळं स्वच्छ कळलं. पंधरा दिवस आपण मुक्कामाचे संडास विचारत होतो, ते या लोकांसाठी. बर्फ दाखवला, खाडी दाखवली, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, ते सगळं एका मतासाठी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार पाया पडतो ना, अगदी तसं. आणि बाई, निकाल लागला, आता तू घरी जा. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वा रे वा!" त्या म्हणाल्या. "यांचे दोनी गुडघे गेलेले, जिना चढाया अर्धा तास लागतो, ते जाणार समुद्रकिनारी चालाया. आन् मी? मी घरी बसून फोनची वाट बघायची, कोण पडलं आन् कोण झडलं!"

"नानांसाठी गाडीची सोय आहे आई, प्रत्येक मुक्कामाला," भारत हळूच म्हणाला.

"म्हंजी जो चालू शकत नाय त्याला गाडीत घालून न्यायचं, आन् जी चालती तिला ठिवायचं?"

"तसं नाही गं आई." ज्ञानेश पुढे सरकला. तो थोरला, समजावायचं काम नेहमी त्याच्याकडे. "आम्हाला वाटलं, तू येणार नाहीस. तू कधी येत नाहीस ना. तिरुपतीला आली नाहीस, महाबळेश्वरला आली नाहीस."

"मला इचारलं व्हतं का कधी?"

"विचारायचं काय त्यात? दोन वेळची कटिंग असते. कळी उमलली की बाजारात तिला कुत्रं विचारत नाही, हे तूच शिकवलंस आम्हाला. घरचं कुणीतरी उभं लागतं. आणि बायका तुझंच ऐकतात."

"ऐकतात, कारण मला त्यांची नावं ठावं हायत! तुला हायत का? सांग, तुझ्या शेडात बारा बाया येतात. चार नावं सांग."

ज्ञानेशला दोन आली. दुसरीचं आडनाव चुकलं.

"आई, तू आधीच बोलायचंस ना," भारत म्हणाला. बोलला आणि जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"आधी? मी पंधरा दिवस काय करत व्हते रे? दुसऱ्याच्या लग्नाची तीथ काढत व्हते? बूट आणले, पाटाच्या कडंनं रोज मरमर चालले, तुझ्या शेजारून जात व्हते. आंधळे झाले व्हते का सगळे? माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न झालं नांदगावला. माहेरचं लग्न. हळदीला पोचले आन् अक्षता पडल्या की माघारी, जेवले पन नाय. का तर सकाळची कटिंग! चाळीस वर्सं या घरातून कोनी ना कोनी कुठं ना कुठं गेलं, आन् मागं राहिली ती मीच."

त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं, ते तसंच राहू दिलं, बघू देत सगळ्यांना.

शुभांगी मऊ स्वभावाची. ती कळवळून म्हणाली, "आई, नको मग. आपण रद्दच करू. तुम्हाला वाईट वाटत असेल तर कुणीच नको जायला."

"झालं!" कलाबाई तिच्याकडे वळल्या. "मी नाव काढलं की लगेच रद्द? आठ जनं जात व्हते तवर सगळं जमत व्हतं. नववी म्हातारी म्हणली मला यायचंय, तर सहलच रद्द! उद्या पोरं काय म्हणतील? आजीमुळं गेलो नाय. नाय शुभांगी, असला चांगुलपणा मला नको."

शुभांगीचं तोंड एवढंसं झालं. पण खरं होतं ते.

मग कुणाला अपेक्षा नसताना मनीषा बोलली. इतका वेळ ती खाली मान घालून बसली होती. आपण काय बोलून गेलो याची तिला लाज वाटत होतीच, पण लाजेच्या पलीकडे आणखी काहीतरी तिच्या मनात चाललं असावं. घरातली थोरली सून ती. कलाबाईंच्या हातची कात्री पुढं-मागं तिच्याच हातात यायची होती. बायकांची नावं तिलाही पाठ होत होती.

"आई म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली.

ज्ञानेश चमकला. "आता तुला काय झालं? तुला तर समुद्रच नको होता."

"समुद्राचं जाऊ द्या. आज आई आहेत. दहा वर्षांनी आई थकतील. तेव्हा त्या फॉर्मवर खाली कुणाचं नाव असेल? तुमचं?"

ज्ञानेशनं पुन्हा दांड्याची पानं ओरबाडायला घेतली. त्याला उत्तर माहीत होतं.

"ताई, माझंही असू शकतं," शुभांगी हळूच म्हणाली. पंधरा दिवसांनी दोघी जावा एकमेकींशी पहिल्यांदा बोलत होत्या.

"मग करायचं काय?" ज्ञानेश वैतागला. "गुलाब काही आपल्यासाठी आठ दिवस थांबणार नाही. कुणीतरी राहायला लागेलच ना?"

"लागंलच," कलाबाई म्हणाल्या. "मी कुठं म्हणते नाय लागणार?"

त्या उठल्या. शेडच्या दाराशी गेल्या, जिथून पाटाची चारी दिसते. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच सगळे जास्त घाबरले.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचं आन् तुमच्या भावांचं किती वर्सं बोलणं नव्हतं?"

"अकरा," मोतीराम म्हणाले. बांधावरून झालेलं ते भांडण गावात सगळ्यांना पाठ होतं. कोर्टात तारखांना तिघं तीन बाकांवर बसायचे.

"त्या अकरा वर्सांत पाण्याची पाळी मोडली का कोनी?"

"नाय."

"तुमच्या धाकल्या भावाचा पाय मोडला व्हता, तवा त्याच्या पाळीला बारं कोनी दिलं?"

"मी दिलं. बोलत नव्हतो, पर पाणी सोडून दिलं त्याच्या वावरात." मोतीरामांच्या आवाजात जरा ताठा आला. "पाळी म्हंजी पाळी. भांडण घरी ठिवायचं. पाण्यात भांडण आणलं तर सगळ्यांचीच पिकं वाळतील."

"मग घरी राहायची पाळी का नाय या घरात? पाण्याला पाळी, बैलाला पाळी, गणपतीच्या आरतीला पाळी. राहायला मातर एकच माणूस, कायमचं! ही कंची रीत? कोनी लावून दिली?"

कुणी लावून दिलेली नव्हती, हीच तर खरी गोम होती. कुणी लावली असती तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

"आजपासून पाळी," कलाबाई म्हणाल्या. "घरातून बाहेर जायचं झालं की एकानं राहायचं. बाई असो का बाप्या. ज्याची पाळी त्यानं राहायचं, तोंड वाकडं न करता. कबूल असंल तर बोला, नाय तर मी ती कात्री हितं ठिवते आन् उद्यापासून कळ्यांचं तुमचं तुम्ही बघा."

"कबूल," मनीषा म्हणाली.

"कबूल," शुभांगी म्हणाली.

भारतनं मान हलवली. ज्ञानेश हातातला दांडा फिरवत राहिला. आठ दिवस त्यानं कधी सलग सुट्टी घेतली नव्हती, त्याचाही जीव त्या सहलीत होता, हे कलाबाईंना माहीत होतं. पण आज त्यांनी त्याला मदत केली नाही. शेवटी तोही म्हणाला, "ठीक आहे. पहिली पाळी कुणाची?"

"पाण्याची पाळी कुठून सुरू व्हती?"

"थोरल्यापासून," भारत म्हणाला, आणि सगळ्यांच्या नजरा एकदम मोतीरामांकडे वळल्या.

"मी?" मोतीराम दचकले. "मला आता काय कळतं त्या डच गुलाबातलं? ज्ञानेश बघतो सगळं."

"कात्री कशी धरायची ते मला कोनी शिकवलं? कुठल्या पानाच्या वर कापायचं, ते?"

"मी... शिकवलं."

"मग?"

मोतीरामांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. दोघांपैकी एकही "नाना, तुम्ही जा, मी राहतो" असं म्हणाला नाही. एका क्षणासाठी त्यांच्या चेहऱ्यावर ते लागलेलं दिसलं, आणि कलाबाईंना ते दिसलं. चाळीस वर्षं असंच बघितलं होतं त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे, कुणी म्हणतंय का म्हणून. आज त्यांच्या नवऱ्याला ते पहिल्यांदा कळत होतं.

"बरं," मोतीराम म्हणाले. "राहातो मी. म्हातारपणी तुझी हौस होऊ दे."

"हौस म्हणून नाय!" कलाबाई ताडकन म्हणाल्या. "उपकार नको मला. पाळी हाय म्हणून राहायचं."

"पाळी हाय म्हणून राहातो," मोतीराम म्हणाले.

भारतनं फॉर्मवरचं एक नाव खोडून दुसरं घातलं. मनीषानं टाकलेला गुलाब क्रेटमधून काढून दांडा बघितला, शुभांगीकडे दिला, आणि दोघी एकमेकींशी काहीतरी बूट-सॉक्सचं बोलू लागल्या. बाहेर टेंपो आला. पोरं-सुना क्रेट उचलायला गेली, आणि शेडमध्ये म्हातारा-म्हातारी दोघंच उरली.

मोतीरामांनी सांडलेली पानं पुन्हा गोळा करायला घेतली. मग म्हणाले, "अगं, आठ दिवस. एकट्यानं. जमंल का मला?"

कलाबाई राहिलेल्या फुलांची गड्डी बांधत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "जमतं की. कटिंगचं जमतं, टेंपोचं जमतं. बाया येतात, त्यांच्याशी चार शब्द बोलायचं. भाकरीचं मी शेडातल्या सावित्रीबाईला सांगून जाईन. दिवा लावला की घर जरा मोठं वाटतं. आन् जेवलीस का, असं इचाराया कोनी नसतं. तेवढंच जड जातं. बाकी काय नाय."

मोतीरामांनी हातातली पानं खाली ठेवली.

"मी कधी फोन करत नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता करत."

"तिरुपतीवरून बी नाय केला."

"नाय."

मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "तू करशील?"

कलाबाईंनी सुतळीची गाठ मारली आणि टोक दातांनी तोडलं.

"रोज करीन," त्या म्हणाल्या. "जेवलात का, म्हणून इचारीन. कसं इचारायचं असतं ते तरी कळंल तुम्हाला."